मागच्या सीटवरची नोकरी

शोरूममध्ये टेस्ट राइडला गाडी देण्याआधी एक फॉर्म भरून घ्यावा लागतो. नाव, पत्ता, लायसन्सचा नंबर, आणि चौथा रकाना व्यवसायाचा. गेली दहा वर्षं हा फॉर्म मी भरून घेतोय. गिऱ्हाईक समोर सोफ्यावर बसलेलं असतं, त्याचं सगळं लक्ष माझ्या पाठीमागे उभ्या असलेल्या गाडीकडे असतं, आणि मी विचारतो, "सर, आपण काय करता?" इथे बहुतेक जण थोडे अडखळतात. इंजिनापासून सायलेन्सरपर्यंत धडाधड बोलणारी माणसं स्वतःच्या कामाचं दोन शब्दांत आटपतात.

मोठ्या मोटारसायकली कोण घेतं याची लोकांच्या मनात एक ठरलेली कल्पना असते. दाढी, जॅकेट, बापाचा पैसा. माझ्या फॉर्मांमध्ये तसे थोडेच सापडतील. खारघरची एक दातांची डॉक्टर यायची. दिवसभर दुसऱ्याच्या तोंडावर वाकून तिची मान धरायची, आणि ती म्हणायची की हेल्मेट घातलं की माझी मान आपोआप सरळ होते. एका शाळेचे उपमुख्याध्यापक हेल्मेट शोरूमच्या आतच चढवायचे, बाहेर एखादा विद्यार्थी ओळखेल म्हणून. उरणच्या बंदरात क्रेन चालवणारा एक जण होता. आठ तास उंचावर काचेच्या केबिनमध्ये बसून खाली बघत कंटेनर उचलायचे, हे त्याचं काम. मी त्याला आमची सगळ्यात उंच, सगळ्यात भारी गाडी दाखवायला गेलो, तर तो म्हणाला, "ठेंगणी दाखवा हो. पाय जमिनीला टेकले पाहिजेत, बाकी काही नको."

एकदा घरपोच जेवण पोचवणारा एक चाळिशीचा माणूस आला. कंपनीचा टी-शर्ट अंगात तसाच होता. मॅनेजरने लांबूनच मान हलवून मला नको म्हणून खुणावलं. मी न पाहिल्यासारखं केलं. व्यवसायाच्या रकान्यात त्यानं 'ड्रायव्हिंग' लिहायला सांगितलं. दहा वर्षांत माझ्यापुढे बसून इतकी स्वच्छ गाडी दुसऱ्या कुणी चालवलेली नाही. परत आल्यावर त्यानं टाकीवरून एकदा हात फिरवला, हेल्मेट माझ्या हातात दिलं आणि मोबाईल बघत आपल्या गाडीकडे पळाला. त्याची ऑर्डर आली होती.

'माझ्यापुढे बसून' म्हणजे काय, ते नीट सांगायला हवं. ते मलासुद्धा नोकरीच्या पहिल्या दिवशीच कळलं.

माझं लहानपण कोपरखैरण्यात गेलं. वडील साताऱ्याकडचे. मार्केटमध्ये माथाडी म्हणून तीस वर्षं कांद्याबटाट्याच्या गोण्या त्यांनी पाठीवरून वाहिल्या. टोळीतली आपली जागा मला मिळावी असं त्यांच्या मनात होतं. कायमचं काम आणि ओळखीची माणसं, आणखी काय पाहिजे, असं ते म्हणायचे. पण मला गाड्यांचं वेड होतं. कॉलेजात आमचा चौघांचा गट होता. प्रत्येकाकडे जुनी, दुसऱ्याच्या हातून आलेली गाडी. रविवारी पहाटे निघायचं, माळशेज नाहीतर ताम्हिणी गाठायचा, आणि दुपारी उन्हात भाजून परत यायचं. वाटेत कुठल्याही गाडीनं वेगळा आवाज काढला की बाकीचे तिघे माझ्याकडे बघायचे. चेन सैल झालीय की प्लग गेलाय, ते मी नुसतं ऐकून सांगायचो. त्या दिवसांत मला कुणी विचारलं असतं की तू पुढे काय करणार, तर मी म्हटलं असतं, हेच.

म्हणून शोरूमची नोकरी लागली तेव्हा मी सगळ्यात आधी वडलांना सांगितलं. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

"म्हंजे दिसभर गाडी फिरवायची, आन् वर पगार बी मिळायचा?"

"हो."

"कायतरी घोळ असंल," ते म्हणाले.

मला हसू आलं होतं.

पहिल्या दिवशी मॅनेजरने मला गाड्यांची सगळी माहिती पाठ आहे का ते तपासलं, कंपनीचं हेल्मेट दिलं आणि रूट समजावून सांगितला. शोरूममधून बाहेर पडायचं, हायवेच्या कडेच्या सर्व्हिस रोडला लागायचं, पुढचा सिग्नल पार करून पुलाखालून यू-टर्न घ्यायचा आणि परत यायचं. सगळं मिळून साडेतीन किलोमीटर. गाडीत ट्रॅकर बसवलेला आहे, ठरलेली हद्द ओलांडली की त्याच्या मोबाईलवर अलार्म वाजतो, असंही त्यानं सांगितलं. मी चावी घ्यायला हात पुढे केला. तो हसला.

"चावी कस्टमरला द्यायची. चालवणार तो. तू मागे बसून माहिती द्यायची."

तेव्हापासून मी मागे बसतोय. मोठ्या गाड्यांच्या मागच्या सीट फार वाईट असतात. उंच, अरुंद, वहीएवढ्या. गिऱ्हाईक नवखं असेल तर ब्रेक दाबल्यावर आपण त्याच्या पाठीवर जाऊन आदळतो. मला माणसं पाठीकडून ओळखता येतात. कुणाचा खांदा वळणाआधीच आखडतो, कुणाच्या शर्टाला कपड्यांच्या साबणाचा वास येतो, कुणाची मान घामानं भिजते, हे सगळं मला कळतं. चेहरे मात्र लक्षात राहत नाहीत. रूटवर एकूण पाच स्पीडब्रेकर आहेत. मेडिकलच्या दुकानापुढचा तिसरा सगळ्यात टोकदार. तो यायच्या आधी मी पायांवर थोडा उचलला जातो, आता आपोआप. साध्या स्कूटरवर बायकोच्या मागे बसलो असलो तरी ते दुकान आलं की मी उचलला जातो आणि ती विचारते, "काय झालं?"

रविवारी शोरूममध्ये सगळ्यात जास्त गर्दी. त्यामुळे माझी सुट्टी मंगळवारी. याचा अर्थ मला पहिल्या महिन्यातच समजला. गाडीची हौस असलेली सगळी माणसं रविवारी बाहेर पडतात, आणि त्या दिवशी मी पुलाखालून यू-टर्न घेत असतो. सुरुवातीला आमचे तिघे परतताना दुपारी शोरूमवर थांबायचे. बुटांना चिखल, चेहऱ्यावर धूळ. मशीनचा चहा पिताना सगळ्या वळणांची वर्णनं करायचे. मॅनेजरला ते आवडायचं, उद्याची गिऱ्हाइकं म्हणून. "एकदा सुट्टी टाक ना यार," ते म्हणायचे. मी टाकतो म्हणायचो. मग एक जण दुबईला गेला. दुसऱ्याला जुळी झाली आणि त्यानं गाडी विकून कार घेतली. तिसरा अजून जातो. मला त्याचे फोटो मोबाईलवर दिसतात.

माझी स्वतःची गाडी कामोठ्याला, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, कव्हरखाली. मंगळवारी मी कव्हर काढून तिला सुरू करायचो, दहा मिनिटं तशीच चालू ठेवायचो आणि बंद करायचो. मंगळवारला दुसरी कामं असायची. लाईटबिल, वडलांचा डॉक्टर, गॅसवाला.

एकदा सुटकेची संधी आली होती. हिमाचलात मोटारसायकलच्या सफरी चालवणारा एक माणूस नवीन गाड्या बघायला शोरूमला आला होता. यू-टर्नपर्यंत जाऊन यायच्या आत त्यानं माझी परीक्षा घेऊन टाकली. परत आल्यावर म्हणाला, चार महिन्यांच्या सीझनला ये, पुढे राहून गट न्यायचा, राहणं-खाणं माझ्याकडे. मी आठवडाभर वेळ मागितला. त्याच आठवड्यात वडील बाथरूममध्ये पाय घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं, बॉल बदलावा लागला. माझी बायको पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, तिच्या पाळ्या बदलत असतात. तिच्या आणि माझ्या वेळा जुळवून कुणीतरी एक जण घरी राहायचं, असं सगळं लावावं लागलं. मी त्या माणसाला फोन करून नाही म्हणून सांगितलं. तो चांगला होता. "पुढच्या वर्षी फोन कर," म्हणाला.

पुढच्या वर्षी वडील काठी घेऊन घरात फिरत होते. तरी मी फोन केला नाही. का केला नाही, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी, एका गुरुवारी, नावड्याकडचा एक माणूस शोरूममध्ये आला. पन्नाशी ओलांडलेला, काळासावळा, अंगानं काटक. पांढरा शर्ट घरचा होता, पण पॅन्ट निळी, कडेला पट्टी असलेली, आणि बूट चकचकीत पॉलिश केलेले. गणवेशाचा खालचा अर्धा भाग. तो कुठेही न थांबता थेट एका गाडीपाशी गेला, तिच्याभोवती दोन चकरा मारल्या आणि मला म्हणाला, "ही चालवून बगायची हाय."

मी त्याला सोफ्यावर बसवून फॉर्म काढला.

"काका, काय करता आपण?"

"गेटवर हाय."

"सिक्युरिटी?"

"हां. तलोज्याला, कंपनीच्या गेटवर." मग म्हणाला, "ती कंपनी हाय ना, ती आमच्या शेतान हाय. म्हंजे शेत आता कुठं. पन माझ्या बापाची भातशेती तिथंच व्हती. आता मी तिथं गेट उघडतंय. हे पन लिही."

"काका, रकान्यात एवढी जागा नाही."

त्यानं फॉर्मकडे बघितलं. "मग गेटवर लिही."

गाडी तो फार छान चालवत होता. जुन्या गाड्यांवर हात बसलेला माणूस, क्लच सोडताना कळायचंसुद्धा नाही. मी मागून आमची ठरलेली माहिती सांगायला लागलो तर तो म्हणाला, "तू गप बस जरा. ऐकू दे मला तिचा आवाज." सिग्नल पार झाला. पूल आला. मी नेहमीसारखं त्याच्या उजव्या खांद्यावर टॅप केलं, वळायची खूण म्हणून. गाडीचा वेग कमी झाला नाही.

"काका, यू-टर्न!"

"बगितला."

आम्ही पुलाखालून सरळ पुढे निघून हायवेला लागलो. मी ओरडलो, "काका, इथून वळायचं असतं! हद्द आहे आपली!"

"मी रोज इथं यू-टर्न घेतंय काय?" तो मान जराशी मागे करून म्हणाला. "मी नावड्यावरून गेटवर जातंय. त्या रस्त्याला गाडी कशी चालतंय, ते बगायला नको?"

"तसा नियम नाही काका."

"नियम तुझा बरोबर हाय. पन गाडी माझ्या कमरंखाली ऱ्हानार हाय."

माझ्या खिशात फोन थरथरायला लागला. एक हात मागच्या कडीला घट्ट धरलेला, दुसरा त्याच्या खांद्याला. फोन काढता येईना. तो थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. बेलापूर गेलं, खारघर गेलं. माझ्या डोक्यात एकच विचार होता, की आठ वर्षांत कुणाकडूनही जे झालं नाही ते आज माझ्या हातून होतंय, आणि मी तर काहीच करत नाहीये, नुसता मागे बसलोय. त्याच्या पाठीवर जोरात थापटी मारली, विनंती केली, पोलिसांचं नाव काढलं. तो दर वेळी शांतपणे "हां हां" म्हणायचा आणि गाडी तेवढ्याच वेगात ठेवायचा.

कामोठ्याच्या अलीकडे एक ट्रेलर आडवा झाला होता, तिथे सगळा ट्रॅफिक थांबला. आमची गाडीही उभी राहिली. तिथून माझी सोसायटी चालत दहा मिनिटांवर. उजवीकडच्या इमारतींच्या मागे चौथ्या मजल्यावर वडील या वेळेला खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेले असणार. मी गाडीवरून उतरू शकलो असतो. फोन उचलून मॅनेजरला सांगू शकलो असतो की गिऱ्हाईक ऐकत नाही. दोन-तीन मिनिटं आम्ही तसेच उभे होतो. मी उतरलो नाही. ट्रेलर हलला, आणि पुन्हा निघालो.

कळंबोलीला तो डावीकडे वळला. तिथून पुढे रस्ता कंटेनरवाल्यांचा. खड्डे, धूळ, आणि तळोज्याच्या कारखान्यांचा तो आंबट वास. खड्डा आला की तो पायांवर उभा राहायचा आणि गाडी खालून निघून जायची. "बग," म्हणायचा, "कमरंला लागला नाय." नावड्याच्या पुढे जाऊन एका कंपनीच्या बंद गेटसमोर त्यानं गाडी उभी केली. आतल्या केबिनमधून त्याच्याच वयाचा एक गार्ड बाहेर आला, गाडी बघून मुद्दाम कडक सलाम ठोकला आणि दोघे हसले.

"ती गोल टाकी दिसतंय?" मला बोट दाखवून तो म्हणाला. "तिथं आमचा खला व्हता. भात झोडायचू आमी." मी बघितलं. टाकीला शिडी होती आणि शिडीवर पिवळा रंग.

फोनवर अकरा मिस्ड कॉल होते. मी लावला. मॅनेजर पहिल्या रिंगलाच ओरडला, "अरे कुठे आहेस तू? लोकेशन तळोजा दाखवतंय! गाडी चोरीला गेली म्हणून कंप्लेंट टाकू का?"

"सर, गिऱ्हाईक सोबतच आहे. निघतोय आता."

"चालवतंय कोण?"

मी उत्तर द्यायच्या आत त्या माणसानं चावी माझ्या हातात ठेवली होती. "आता तू चालव," तो म्हणाला. "मी मागं बसतंय. तुला येत असंल ना?"

मला येत होती. आमच्या रूटवर ती गाडी कधी तिसऱ्या गिअरच्या वर जात नाही. मी तिच्याबद्दल शेकडो लोकांना सांगितलं होतं की पाचव्या गिअरला ही किती शांत होते. ते खरं आहे का, हे मला माहीत नव्हतं. नावड्याच्या पुढचा मोकळा पट्टा लागला तेव्हा मी पाचवा टाकला. खरंच होतं ते. आवाज खाली बसला आणि नुसता वारा राहिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते वाऱ्यानं असं म्हणायला हरकत नाही, हेल्मेटची काच मी वर ठेवली होती.

कळंबोलीच्या सर्कलला पोलिसानं हात दाखवून आम्हाला थांबवलं. तिथून उजवीकडे मुंबई, म्हणजे शोरूम. डावीकडे पनवेल, पुढे जुना हायवे, चौक गाव, खोपोली, घाट. आमचे ताम्हिणीचे रविवार त्याच रस्त्यानं जायचे. मागून तो माणूस म्हणाला, "मना आज सुट्टी हाय. संध्याकालपरत."

तो का म्हणाला, मला माहीत नाही. कदाचित सहज म्हणाला असेल. मी डावीकडे बघितलं. एसटी, दोन टेम्पो, आणि त्यांच्यापुढे रिकामा रस्ता. मग खाली बघितलं. उजवा इंडिकेटर लुकलुकत होता. तो मी सर्कल यायच्या आधीच लावलेला होता.

पोलिसानं हात काढला. मी उजवीकडे वळलो.

मॅनेजर बाहेरच उभा होता. त्यानं सगळ्यांसमोर मला झापलं. नोकरी हवी आहे की नको, गाडीला ओरखडा आला असता तर, नुकसान कोणी भरून दिलं असतं, असं बराच वेळ. मी मान खाली घालून ऐकत होतो. त्या माणसानं हेल्मेट काढलं, केस सारखे केले आणि मध्येच म्हणाला, "त्याला काय बोलू नको. चालवत मी व्हतू. आणि गाडी लिवून घे माझ्या नावानं." मॅनेजरचा आवाज तिथल्या तिथे बदलला. काकांना थंड पाणी आलं, सोफा आला. पण संध्याकाळी माझ्यासाठी वॉर्निंग लेटर टाईप करून ठेवलेलं होतं, त्यावर मी सही केली. आणि सोमवारपासून रूट बदलला. आता पुलापर्यंत जायचं नाही, पेट्रोल पंपाजवळच्या कटवरूनच वळायचं. साडेतीनचे दीड किलोमीटर झाले. "तुझ्यामुळे," शोरूममधले बाकीचे मला चिडवायचे, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

त्या गुरुवारी घरी जाऊन मी वडलांना सगळं सांगितलं. ते खिडकीजवळ बसून ऐकत होते. माझं झाल्यावर म्हणाले, "हितं कामोठ्यात गाडी थांबली हुती तवा उतरला का न्हाईस?"

"गाडी शोरूमची आहे आबा."

"आन् मग कळंबोलीला डावीकडं का न्हाई गेलास?"

"गाडी शोरूमची आहे."

ते जरा हसले. मग खिडकीबाहेर बघत त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी मी आधी कधी ऐकली नव्हती. तरुण असताना एकदा भर कामात त्यांनी पाठीवरची गोणी खाली ठेवली आणि मार्केटमधून चालत निघाले. वाशीच्या खाडीवर गेले, पुलाच्या कडेला कठड्याला टेकून बसले. गावाला जायचं आणि परत यायचंच नाही, असं ठरवून बसले होते. दुपारपर्यंत बसले.

"आन् मग?"

"मग काय. दोनची ट्रक खाली करायची हुती. आलो." ते काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत होते. "कुणी बलवाय आलं न्हवतं रं. माझा मीच आलो." मग म्हणाले, "तू माझी जागा घेतली न्हाईस, ते बरं केलंस का वंगाळ, ह्याचा म्या लई इचार करतो. कळत न्हाई."

बायको लॅबमधून आली, चहा झाला, आणि तो विषय तिथेच राहिला.

तीन महिन्यांनी तो माणूस पहिल्या सर्व्हिसिंगला आला. गाडी त्यानं लख्ख ठेवली होती, खड्ड्यांच्या रस्त्यावरची वाटत नव्हती. मी मीटर बघितला. आकडा इतका लहान होता की मला वाटलं मीटरमध्ये बिघाड आहे.

"काका, कुठे गेलात की नाही?"

"कुठं जानार? बारा तास गेट. बाकी घर आणि झोप." मग आपणहून म्हणाला, "गाडी बेस हाय. पन आमा गार्डांच्या गाड्या कंपाउंडमंदी लावायला परवानगी नाय. बाहेर भिंतीला लावतंय. केबिनमधून दिसतंय मना दिवसभर."

मी त्याला सुट्टीबद्दल विचारलं. आठवड्याला एक मिळते, पण बदली गार्ड आला तर. मी म्हटलं, मंगळवारची घ्या, मलाही मंगळवारच असतो, आपण दोघे जाऊ. कुठे, त्यानं विचारलं. मी म्हटलं, सांगा. त्याला पालीच्या गणपतीला जायचं होतं. लहानपणी बापाबरोबर एकदा एसटीनं गेला होता, त्यानंतर नाही. मी रस्ता सांगितला, पनवेल, चौक, खोपोली आणि तिथून आत. दोघांनी मंगळवार पक्का केला.

सोमवारी संध्याकाळी मी गाडीचं कव्हर काढलं, चेन साफ केली, टायरमध्ये हवा भरून आणली. बायकोनं लॅबमध्ये सांगून दुपारची पाळी घेतली, म्हणजे एक वाजेपर्यंत ती वडलांजवळ घरी असणार होती. मंगळवारी सकाळी मी बूट घालत होतो तेव्हा त्याचा फोन आला.

"बदलीवाला आला नाय. रातची ड्युटी झाली, आता दिवसाची पन मनाच करायची हाय. तू जाऊन ये."

"काका, मी तुमच्याकडे येतो."

मी गेटवर पोचलो तेव्हा तो केबिनमध्ये उभा होता, डोळे लाल झालेले. मला बघून बाहेर आला. समोरच्या टपरीवरून मी दोन कटिंग आणले. त्याची गाडी भिंतीला लागून सावलीत उभी होती. मी माझी तिच्या शेजारी लावली आणि आम्ही दोघे आपापल्या गाडीवर, स्टँडवर टाकलेल्याच, चहा पीत बसलो. त्यानं विचारलं, "खोपोलीच्या पुढं रस्ता कसा हाय?"

मी सांगितलं. कुठे नदीवर अरुंद पूल आहे, कुठे वळणावर गुरं बसलेली असतात, कुठे दोन्ही बाजूंनी झाडं आहेत आणि भर दुपारीही ऊन लागत नाही. मला तो रस्ता इतका आठवतोय हे मलाच माहीत नव्हतं. तो हँडलवर हात ठेवून ऐकत होता. मध्येच विचारायचा, "तिथं कितवा गिअर ऱ्हातो?" मी सांगायचो. अर्धा तास असाच गेला असेल. मग आतून ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. तो उठला, ग्लास माझ्या हातात दिला आणि गेट उघडायला गेला. दुसरा ट्रक आला, तिसरा आला. मी हात केला, त्यानंही केला.

मी पनवेल पार करून निघालो. एकटाच. पळस्पे गेलं, चौक आलं. तिथे रस्त्याच्या कडेला थांबून मोबाईल बघितला तर सव्वाअकरा झाले होते. पुढे खोपोलीपर्यंत गेलो असतो तर एकच्या आत घरी पोचलो नसतो. गाडी बंद करून पाच-सात मिनिटं उभा राहिलो. माझ्या बाजूनं सगळे पुढे जात होते. मग गाडी वळवली.

बायको पर्स खांद्याला लावून दारातच तयार होती. घड्याळात साडेबारा. "लवकर आलास," ती म्हणाली. "मला वाटलं मलाच उशीर होणार." चपला घालता घालता तिनं सांगितलं की आबांची अंघोळ राहिलीय, पाणी तापवून ठेवलंय.

"कुठवर गेलतास?" वडलांनी आतून विचारलं.

"चौकपर्यंत."

मी बूट काढले, बाह्या वर केल्या आणि त्यांना हाताला धरून बाथरूममध्ये नेलं.